येण्याची वेळ, जाण्याची वेळ

रास अल खैमाच्या पाठीमागे
डोंगर करपल्या भाकरीसारखे उभे आहेत,
त्यांच्या पायाशी तीन आठवड्यांत किल्ला झाला.
प्लायवूड, थर्माकोल, वरून चुन्याचा फवारा.
बुरुजावर टिचकी मारली तर आवाज रिकाम्या डब्याचा,
लांबून बघाल तर आठशे वर्षांचा.

रीम नावाची लेबनानी पोरगी, कमरेला वॉकीटॉकी,
म्हणाली, तुझा चेहरा द्वारपालाचा आहे.
म्हटलं, बाई, बारा वर्षं अल नखीलच्या बिल्डिंगखाली
हेच करतोय. भाला तेवढा नव्हता.

कुट्टप्पनने चिलखत चढवलं, रबराचं.
आत शेगडी.
खिसा नाही, म्हणून मोबाईल शिरस्त्राणात कोंबला;
बायकोचा फोन आला की
आख्खं डोकं थरथरायचं.

सिनेमा गमतीचा होता.
युद्धाचं आव्हान कुरियरने येतं,
आणि राजाने सही केल्याशिवाय पोऱ्या हलत नाही.
खंदकावर टोल : घोड्याला चार दिरहम, उंटाला सहा.
ड्रॅगनची सर्व्हिसिंग थकलेली,
आग ओकायला जातो आणि खोकतो.
राजकन्येला मनोऱ्यात कुणी कोंडलेलं नाही,
लिफ्ट बंद आहे.

सगळे हसले. मला जरा वेळ लागला.
आमची लिफ्ट जूनमध्ये अकरा दिवस बंद होती,
चौदाव्या मजल्यावरच्या सुदानी म्हातारीला
मी पाण्याचे कॅन पोचवत होतो,
दर मजल्याला एकदा देव, एकदा शिवी.

मला वाक्य एकच. भाला आडवा धरून : "कोण आहेस?"
पहिल्या टेकला घोडा बिथरला.
दुसऱ्याला माझं डोकं थरथरलं.
तिसऱ्याला राजपुत्र धूळ उडवत आला, थांबला,
आणि माझ्या तोंडून बारा वर्षं बाहेर पडली :
नाव काय? कुणाकडे? कितवा मजला?
गाडी नंबर? इथे सही करा. वेळ टाका.

कुणी कट म्हणेना.
राजपुत्र खोगिरात वळून
घोड्याच्या मागे नंबर शोधू लागला.
मग दिग्दर्शक खुर्चीतून हसत घसरला
आणि म्हणाला, रजिस्टर आणा.

कुठून आणणार? मीच गेलो,
शेर जानच्या पिकअपमधून, भाला खिडकीबाहेर.
पेट्रोल पंपावर कुणी मान वर केली नाही.
या मुलखात माणूस
कुठल्याही गणवेशात कुठेही चाललेला असतो.

निळ्या पुठ्ठ्याचं, दोरीला पेन बांधलेलं आमचं रजिस्टर.
पान एकशे सात :
एसीवाला, चारशे दोन.
पिझ्झा, नऊशे एक.
राजपुत्र झियाद, पांढरा घोडा, मनोरा.
काम : सुटका.
येण्याची वेळ चार वीस.

किल्ला दोन ट्रकांत मावला. चुन्याचा डाग तेवढा
वाळूवर राहिला, वाऱ्याने तोही नेला.
महिनाअखेरीला सुपरवायझर रोमेल पानं तपासत थांबला.
बोट ठेवून म्हणाला, अनंत,
हा माणूस अजून आतच आहे?

मी पेन ओढलं, दोरी ताणून लिहिलं :
पाच पंचेचाळीस.
दीड तासात सुटतात, सिनेमात.

रात्री कपाटातून पहिलं रजिस्टर काढलं.
पहिल्याच पानावर पहिलीच ओळ माझी.
तेव्हाच्या सुपरवायझरने गिरवून घेतली होती,
कसं लिहायचं ते कळावं म्हणून.
अनंत भुवड, पालशेत.
काम : दोन वर्षं.
पुढचा रकाना बघितला नाही, पाठ आहे.

तेवढ्यात गेटवर हॉर्न वाजला.
कलिंगडांची गाडी, नंबर नीट दिसेना.
उठलो. वही बदलली.
नाव काय? म्हटलं. कुणाकडे?